विंडवर्ड क्लबातला नियम चौदा

"लबाडी चाललीय," मिस्टर क्वाशी म्हणाले आणि त्यांनी खाऱ्या माशाच्या भज्यांची बशी माझ्यापुढे सरकवली.

रविवारची दुपार होती. त्यांच्या घराच्या माडीवर मी सहा महिने भाड्याने राहत होतो. त्या सहा महिन्यांत त्यांनी मला "पाय पुसा" आणि "दिवा बंद करा" यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे बशी पुढे आली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण भजी गरम होती.

"कुठे चाललीय?"

"क्लबात. केटो आणि बाप्तीस्त."

"काय करतात?"

"बाप्तीस्त बोलतो."

मी दुसरं भजं उचललं. "बोलणं म्हणजे लबाडी?"

"प्रोफेसर, बाप्तीस्तला मी चाळीस वर्षं ओळखतो. स्वतःच्या लग्नात पाद्रीबुवांनी विचारल्यावर 'हो' म्हणायला त्याने इतका वेळ घेतला की बायकोच्या भावाने बाह्या वर केल्या. तो माणूस गेल्या हिवाळ्यापासून टेबलावर बसला की पोपटासारखा सुटतो. सत्तराव्या वर्षी माणूस उगाच बोलका होत नाही."

हे सत्त्याण्णव सालचं. कराडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवता शिकवता मला दोन वर्षांसाठी इंग्लंडला जायची संधी मिळाली, आणि लंडनजवळच्या हाय विकम नावाच्या गावात मी येऊन पडलो. गाव खुर्च्यांचं. तिथल्या कारखान्यांत खुर्च्या बनवायला एकोणीसशे पन्नासच्या दशकात सेंट व्हिन्सेंट नावाच्या कॅरिबियन बेटावरून माणसं आली होती. बेट आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. आपण बाळांना आणि आजाऱ्यांना जे आरारूट देतो, ते एके काळी तिथून जगभर जायचं. आरारूट पिकवणारे हात खुर्च्या ठोकू लागले, चार पैसे आले, मुलं झाली, नातवंडं झाली. मुलं इंग्रजांसारखी बोलू लागली आणि म्हातारे शनिवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये डॉमिनो खेळू लागले. त्या हॉलला विंडवर्ड क्लब म्हणत. मिस्टर क्वाशी त्याचे सेक्रेटरी. त्यांची इंग्रजी कळायला मला तीन महिने लागले. इथे मी ती मराठीत देतोय. निवृत्त मुकादमाची भाषा सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे फारसं काही सांडत नाही.

"तुम्ही आकडे शिकवता ना? मग या, बसा, मोजा. चार शनिवार. आणि कमिटीला लेखी द्या."

"पण मीच का?"

"कारण तुम्ही कुणाचेच नाही. आमच्यातला कुणी बोलला तर म्हणतील, हा त्याचा मेव्हणा, तो त्याच्या गावचा. बेटावर सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात, उरलेले शत्रू."

आता मला खरा संशय आला, तो क्वाशींचा. ऑगस्टमध्ये रेडिंगच्या बार्बाडोसवाल्यांशी वर्षाची मॅच होती. पहिल्या टेबलावर केटो-बाप्तीस्त बसणार होते, आणि राखीव खेळाडू म्हणून यादीत नाव होतं ग्रॅफ्टन क्वाशी. माणूस भजी फुकट घालत नाही, हे मी कराडहून शिकूनच आलो होतो.

*

खेळ साधा. अठ्ठावीस सोंगट्या. प्रत्येकीच्या दोन टोकांना ठिपके, कोऱ्यापासून सहापर्यंत. चौघे खेळाडू, समोरासमोरचे जोडीदार. टेबलावरच्या रांगेच्या टोकाला जो आकडा उघडा असेल त्याला आपली सोंगटी जुळवायची. नसेल तर टेबलावर टकटक करून पास. जोडीदाराला आपल्या हातात काय आहे हे सांगायचं नाही, हा एकच धर्म. बाकी सोंगटी आपटताना छत हललं तरी चालतं.

पहिल्या शनिवारी मी वही काढली तेव्हा तिघांनी कोट चढवले आणि निघून गेले.

"हा पेन्शन ऑफिसचा," टेबलावरून एक भारदस्त आवाज म्हणाला. तेच एल्फर्ड केटो. धिप्पाड देह, इस्त्रीचा सूट, भुवयांपर्यंत ओढलेली हॅट. माझ्याकडे वळूनही न बघता त्यांनी हे जाहीर केलं.

"इंडियन आहे," बाप्तीस्त म्हणाले. हडकुळा, मान पुढे काढलेला माणूस.

"हल्ली त्यांचीच माणसं घेतात."

"क्वाशीचा भाडेकरू आहे," कुणीतरी मागून म्हणालं.

"मग तर नक्कीच."

मी डोळ्यांत तेल घालून बसलो. मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, केटोंचा अंगठा. हातातल्या सोंगट्यांवर तो सतत फिरत असायचा, जपमाळ ओढल्यासारखा. माझी खात्रीच झाली की हा गडी नखाने खुणा करतोय. खेळ संपल्यावर मी सगळ्या अठ्ठावीस सोंगट्या भिंगाखाली तपासल्या. अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस निर्दोष निघाल्या. हॉल झाडणाऱ्या बाईने मला भिंगासकट पाहिलं, आणि पुढच्या शनिवारी मी पोलिसातला झालो होतो.

दुसरी, बाप्तीस्तांची बडबड.

"काय सांगू, बियाबूला बस उभी, ड्रायव्हरचा पत्ता नाही..." सोंगटी आपटते. "शेवटी तिथून निघाली ती थेट जॉर्जटाऊन." प्रतिस्पर्धी खेळतो. "आणि जॉर्जटाऊनला कोण चढलं? स्टब्सची ती जाडी बाई."

"बाप्तीस्त, गप खेळ!" समोरचा ओरडायचा.

"खेळतोय की. बसचं सांगतोय."

दर शनिवारी तीच बस, तीच गावं, आणि प्रवास कधी संपायचा नाही. मी शब्दन् शब्द उतरवला.

तिसऱ्या शनिवारी मला केटोंच्या मुलीने गाठलं. मर्लीन इथेच जन्मलेली, इस्पितळात नर्स. वडिलांना न्यायला पाच वाजता यायची.

"तुम्ही माझ्या डॅडींवर काय लिहिताय?"

"क्लबाचं काम आहे."

"लिहाच. मलाही वाचायचंय." ती हलक्या आवाजात बोलू लागली. "काहीतरी लपवतायत ते. रस्त्यात माझ्या सख्ख्या मावशीला ओळखलं नाही. पत्रं आली की चष्मा हरवलाय म्हणतात, बाप्तीस्त अंकल वाचून दाखवतात. परवा रिकाम्या किटलीखाली गॅस. वॉर्डात मी रोज बघते असली माणसं. डोकं जातंय त्यांचं."

"डॉमिनो तर नीट खेळतात."

"म्हणून तर अजून घरी आहेत. मी सांगून टाकलंय, ज्या दिवशी टेबलावर बसणं जमणार नाही, त्या दिवशी घराची किल्ली माझ्याकडे. मिल्टन कीन्सला म्हाताऱ्यांसाठी चांगली जागा बघून ठेवलीय. बाग आहे."

केटो कोट घालून आले. त्यांनी मुलीचा दंड धरला, तोही मोठ्या माणसाने लेकीला मिरवत न्यावं तसा. जाता जाता म्हणाले, "प्रोफेसर, बुटांना तेल घाला. तुम्ही आलात हे सगळ्या रस्त्याला कळतं."

*

चौथा शनिवार झाला आणि मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन सेंट व्हिन्सेंटचा नकाशा मागितला. बेटाच्या पूर्व किनाऱ्याने एकच रस्ता वर जातो. मी वही उघडून गावांवर बोट ठेवत गेलो आणि पाच मिनिटांत कोडं सुटलं. राजधानी किंग्सटाऊन म्हणजे सहा. तिथून वर स्टब्स पाच, बियाबू चार, कॉलोनरी तीन, जॉर्जटाऊन दोन, सँडी बे एक. आणि अगदी टोकाचं फॅन्सी म्हणजे कोरी सोंगटी, कारण फॅन्सीला रस्ता संपतो. पुढे समुद्र.

मला इतका आनंद झाला की मी वाचनालयात मोठ्याने "सापडला!" असं मराठीत म्हणालो.

घरी येऊन तक्ता मांडला. बाप्तीस्तांनी चार शनिवारांत गावांची नावं घेऊन केलेली विधानं एकूण दोनशे बारा. आता बघायचं एवढंच, की ही गावं हातातल्या कुठल्या लपलेल्या सोंगट्या सांगतात. संध्याकाळपर्यंत मी तीनदा पडताळलं. तीनदा तेच आलं.

दोनशे बारापैकी दोनशे नऊ विधानं टेबलावर उताण्या पडलेल्या सोंगट्यांबद्दल होती. आत्ता कुणी काय टाकलं, कुठलं टोक उघडं आहे, एवढंच. म्हणजे जे चौघांनाही समोर दिसत होतं, तेच बाप्तीस्त गुप्त भाषेत जोडीदाराला कळवत होते. (उरलेली तीन खरोखरच बसबद्दल होती.)

शकुनीपासून आजवर इतकी निरुपयोगी लबाडी कुणी केली नसेल. मी पेन्सिल चावत बसलो. टेबलावर उघडं पडलेलं माणूस माणसाला कशाला सांगेल?

मग मला तो अंगठा आठवला.

दुसऱ्या दिवशी मी खेळण्यांच्या दुकानातून डॉमिनोचा एक डबा घेतला आणि केटोंच्या दारावर गेलो. तेल घातलेले बूट घालून.

दार उघडलं. केटो उभे. मी गप्प राहिलो.

"कोण?" ते म्हणाले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

"मी. पटवर्धन."

"प्रोफेसर!" ते सावरले. "उन्हात होतात, म्हणून."

आभाळ भरून आलेलं होतं. आत गेल्यावर मी एक सोंगटी त्यांच्या तळहातावर ठेवली. "ही कुठली?"

अंगठा फिरला. "सहा-चार."

"रंग?"

"पांढरा. सोंगट्या पांढऱ्याच असतात."

ती काळी होती. मी काहीच बोललो नाही, आणि न बोलण्याचा अर्थ त्यांना माझ्या आधी कळला. ते खुर्चीत बसले. खुर्ची बहुधा त्यांनीच बनवलेली असावी, तिने कुरकुर केली नाही.

"मोतीबिंदू?" मी विचारलं.

"काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून फेकला असता. नळीतून बघितल्यासारखं समोरचं जरा दिसतं. ती नळी रोज लहान होतेय. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येणार नाही."

मागच्या दाराने बाप्तीस्त सूपचं भांडं घेऊन आले. शेजारीच राहायचे. टेबलावरची काळी सोंगटी त्यांनी बघितली आणि भांडं हातातच ठेवून म्हणाले, "मी सांगितलं होतं, हा फार लिहितो."

"तुमच्यावर काही किटाळ येणार नाही," मी म्हणालो. "मी आकड्यांनिशी सिद्ध करतो. लबाडी नाहीच."

"खुळे आहात का?" केटो म्हणाले. "लबाडी नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न काय येईल? मग बाप्तीस्त बोलतो कशाला? एक तर आम्ही लबाड, नाहीतर मी आंधळा. तिसरं काय आहे?"

मी डॉमिनोचा डबा बंद केला.

"लबाडाला सहा आठवडे बाहेर बसवतात. मग तो परत येतो आणि पोरंसोरं त्याच्याकडे आदराने बघतात. आंधळ्याला बाहेर बसवत नाहीत. त्याला खिडकीजवळची खुर्ची देतात. आधी चहा हातात देतात, मग कप धरून ठेवतात, मग फुंकर मारतात. चाळीस वर्षं मी या लोकांना शिव्या देत खेळलोय, प्रोफेसर. मला फुंकर नको."

"आणि मर्लीन?"

"मर्लीनला वाटतं माझं डोकं गेलंय. डोकं गेलेला माणूस अख्ख्या क्लबाला फसवतो का? लबाड ठरलो तर घर राहील." ते पुढे वाकले. त्यांची नजर माझ्या कानाच्या जरा उजवीकडे लागली होती. "लिहा, केटो लबाड. आणि कच्चा लिहू नका. पक्का लिहा."

"आणि मी?" बाप्तीस्त म्हणाले.

"तूही लबाड."

"माझी बायको चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते, एल्फर्ड."

"दुसऱ्यावर बसेल. तिथून गायन जास्त चांगलं ऐकू येतं."

बाप्तीस्तांनी भांडं खाली ठेवलं. त्याचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "माझं नाव आधी येऊ दे. बोलतो मी. हा नुसता ऐकतो."

*

पुढच्या शनिवारी हॉल गच्च भरला. चाळीस-पन्नास माणसं, मागच्या भिंतीला मर्लीन, हात बांधून. मी अहवाल वाचला. गावांची गुप्त भाषा आहे. ती पद्धतशीर आहे. ती दोनशे नऊ वेळा वापरली गेली. सामान्य बुद्धीच्या माणसाला असली रचना सुचणं अशक्य, आणि ती चालवायला असाधारण स्मरणशक्ती लागते. हे शेवटचं वाक्य वाचताना मी मर्लीनकडे पाहिलं. अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला तेवढं जमायलाच हवं.

मग मी घाम पुसत प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. एकच प्रश्न होता आणि तो शेंबडं पोरही विचारेल. या भाषेत त्यांनी एकमेकांना सांगितलं काय? त्याचं उत्तर मी रात्रंदिवस घोकलं होतं. अठ्ठावीस सोंगट्या डोक्यात मोजणारी, दुसऱ्याच्या हातात काय आहे हे तिसऱ्या डावाला ओळखणारी पन्नास संशयी माणसं समोर बसली होती.

कुणीच विचारलं नाही.

"केटो," क्वाशी म्हणाले, "काही म्हणायचंय?"

केटो उठले. हॅट काढली. "चाळीस वर्षं मला कुणी पकडू शकलं नव्हतं," ते म्हणाले. "त्यासाठी इंडियाहून माणूस मागवावा लागला."

टाळी नाही वाजली, पण वाजता वाजता राहिली.

"सहा आठवडे बंदी. दोघांना," क्वाशींनी वाचलं. "दुसरं. पुन्हा असा प्रकार होऊ नये म्हणून मी नियम चौदा मांडतो. यापुढे या क्लबात जो कुणी सोंगटी टाकेल, त्याने ती कुठली हे सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणायचं. आकडा म्हणा, गाव म्हणा. पास असेल तर पास म्हणायचं. म्हणजे गुप्त काही उरणारच नाही."

मला वाटलं आता हशा पिकणार. जे टेबलावर दिसतंय ते ओरडून सांगायचं? असा नियम जगात कुठल्या खेळाला असेल?

"अनुमोदन," पाठीमागून एक म्हातारी म्हणाली. ती बाप्तीस्तांची बायको होती.

पन्नास हात वर गेले. पन्नासही चेहरे दगडासारखे. मागे मर्लीनचा हात सगळ्यात उशिरा वर गेला, पण गेला. खरं तर ती सभासद नव्हती.

केटो दाराकडे निघाले, ताठ, कुणाचाही हात न धरता. सभेआधी त्या हॉलमध्ये मुंगीला वाट नव्हती, इतक्या खुर्च्या होत्या. आता मधून दारापर्यंत सरळ रस्ता पडला होता. खुर्च्या कुणी सरकवल्या, कधी सरकवल्या, मी पाहिलं नाही. आणि मला तिथे पाहण्यासाठीच नेमलं होतं.

घरी आल्यावर मी क्वाशींना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"मग मला चार शनिवार कशाला बसवलंत?"

त्यांनी कढईत भजं सोडलं. "आम्ही आपले आपण नियम केला असता तर केटो दुसऱ्या दिवसापासून आला नसता. बाहेरच्याची सही हवी होती. डिग्रीवाल्याची." त्यांनी भजं उलटलं. "मला वाटलं होतं तुम्ही दुसऱ्या शनिवारी ओळखाल. भिंग आणलंत तेव्हा मी देवाचा धावा केला."

"मला वाटलं तुम्हाला रेडिंगच्या मॅचला पहिल्या टेबलावरची जागा हवीय."

"हवीच होती," ते म्हणाले. "केटोसमोर बसून खेळलोही असतो. बाप्तीस्तपेक्षा बरा बोलतो मी."

त्या आठवड्यात मर्लीनने वडिलांच्या जिन्याच्या पायऱ्यांना पिवळ्या पट्ट्या मारून घेतल्या. नातवंडं पडतात म्हणाली. मिल्टन कीन्सच्या बागेचं नाव पुन्हा निघालं नाही. केटो आणखी नऊ वर्षं त्याच घरात राहिले आणि त्याच टेबलावर बसून लोकांना शिव्या देत राहिले, हे मला क्वाशींच्या नाताळच्या कार्डांवरून कळत गेलं.

*

गेल्या वर्षी एका परिषदेच्या निमित्ताने लंडनला गेलो, तेव्हा वाकडी वाट करून विकमला उतरलो. क्वाशी, केटो, बाप्तीस्त, तिघेही आता नव्हते. हॉल होता. शनिवारची दुपार होती. दाराबाहेरूनच आरडाओरडा ऐकू आला.

"स्टब्स-बियाबू!"

"बियाबू-फॅन्सी!"

"पास!"

टेबलावर विशी-तिशीतली पोरं-पोरी बसली होती. त्यांतल्या निम्म्यांनी बेट पाहिलेलंही नसावं, पण किनाऱ्याचा तो रस्ता त्यांना तोंडपाठ होता.

"तुम्ही हे ओरडता कशाला?" मी एका मुलीला विचारलं. क्लबाची कॅप्टन होती ती. शनेल केटो.

"नियम चौदा," ती म्हणाली. "माझ्या आजोबांमुळे आला. या गावात त्यांच्याएवढा लबाड माणूस झाला नाही." आवाजात नुसता अभिमान. "थापा नाही, सर्टिफाइड आहे. तो बघा."

भिंतीवर, काचेखाली, पिवळा पडलेला माझा अहवाल होता. खाली माझी सही. तरुणपणी मी फारच नक्षीदार सही करायचो.

"कुणीतरी इंडियन प्रोफेसर होता म्हणे," ती म्हणाली. "महिनाभर बसला, तेव्हा कुठे सापडले."

"हुशार असेल."

"आजोबा म्हणायचे, बरा होता. जरा हळू होता." तिने माझ्याकडे बघितलं. "एक खुर्ची रिकामी आहे. खेळता?"

मी बसलो. सात सोंगट्या आल्या. माझी पाळी आली तेव्हा मी सहा-कोरी उचलली आणि नुसतीच टेबलावर ठेवली.

सगळं टेबल थांबलं. समोरचा पोरगा माझ्याकडे संशयाने बघत होता.

"अंकल," शनेल म्हणाली, "मोठ्याने."

"किंग्सटाऊन-फॅन्सी," मी म्हणालो. एवढ्या मोठ्याने, की दारापर्यंत ऐकू जावं.